चौकडीचे कापड

गेल्या उन्हाळ्यात वाईजवळचे आमचे जुने घर विकायचे ठरले आणि ते आवरण्यासाठी मी आठ दिवस तिथे जाऊन राहिले. भांडी वाटली गेली, पितळेचे बंब मोडीत निघाले, आणि शेवटी माजघराच्या भिंतीवरच्या तसबिरी तेवढ्या राहिल्या. देवांच्या तसबिरी काकूंनी आधीच काढून घेतल्या होत्या. उरल्या त्या माणसांच्या, आणि त्यांतल्या ओळखीच्या चेहऱ्यांचे फोटो मी पिशवीत घातल्यावर जे उरले ते फ्रेमसकट घेऊन जा, असे मी भंगारवाल्याला सांगून टाकले. तो ओट्यावर बसला, पक्कडीने मागच्या गंजलेल्या चुका एकेक करून उपटल्या, लाकूड एका बाजूला आणि काच दुसऱ्या बाजूला लावली. पुठ्ठ्याला चिकटलेला एक फोटो मात्र त्याने अलगद सोडवून ओट्याच्या कडेला ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला. निघताना म्हणाला, ''ताई, लाकूड अन् काच नेतो. माणसं तुमच्याकडंच राहू द्या.'' स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे तीन मुले उभी होती. पडद्यावर एक जिना आणि एक झाड होते. मुलांपैकी दोघांच्या अंगावर एकाच ताग्यातले चौकडीचे कापड होते, एकाचा सदरा आणि एकीचा फ्रॉक. काकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि ''आपल्याकडचे नसावेत,'' म्हणाले. पण आपल्याकडचे नसलेले माजघराच्या भिंतीवर पन्नास-साठ वर्षे कसे राहिले असतील, हे त्यांनाही सांगता येईना.

भंगारवाल्याचे ते वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही.

चौकडीचे ते कापड पाहताना मला ज्या दुसऱ्या तीन मुलांची आठवण झाली, ती अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळातली आहेत. १८६३ च्या जुलैच्या पहिल्या तारखेला पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग गावातल्या लढाईत एक सार्जंट मरण पावला. त्याच्याजवळ नाव सांगणारा एकही कागद नव्हता. हातात मात्र काचेवरचा एक फोटो घट्ट धरलेला होता आणि त्यात तीन मुले होती, म्हणजे मरताना त्याने शेवटचे पाहिले ते बहुधा हेच चेहरे. तो फोटो तिथून काही मैलांवरच्या एका खानावळीत पोहोचला. जखमींची शुश्रूषा करायला निघालेले डॉक्टर बोर्न्स यांची गाडी वाटेत मोडली म्हणून ते त्या खानावळीत थांबले, आणि फोटो त्यांच्या हाती आला. त्या काळी वर्तमानपत्रात फोटो छापण्याची सोय नव्हती. लाकडावर कोरून चित्र छापत, पण तेही सचित्र साप्ताहिकांत. तेव्हा १९ ऑक्टोबर १८६३ च्या 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'ने त्या फोटोचे शब्दांत वर्णन छापले आणि मथळा दिला की हा कोणाचा बाप होता. दोन मुलगे आणि एक मुलगी, वये अदमासे नऊ, सात आणि पाच. धाकटा उंच खुर्चीत बसलेला, दोन्ही बाजूंना भाऊ आणि बहीण. आणि पुढचे वाक्य असे, की थोरल्याच्या जाकिटाचे कापड आणि बहिणीच्या झग्याचे कापड एकच आहे. ते कोणी लिहिले असेल त्याला मी मनोमन नमस्कार करते. डोळे, नाक, केस यांची वर्णने हजार मुलांना लागू पडली असती. पण उरलेल्या कापडात मुलाचे जाकीट कसे बसवले, हे ज्या बाईने ते बेतले आणि शिवले तिलाच ठाऊक असणार. पुढे एका धार्मिक साप्ताहिकानेही ते वर्णन छापले आणि त्याची एक प्रत न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल या लहानशा गावात पोहोचली. तिथल्या फिलिंडा ह्युमिस्टन यांना गेटिसबर्गनंतर नवऱ्याचे पत्र आले नव्हते. नोव्हेंबरात फोटोची नक्कल टपालाने आली आणि ती हातात घेतल्यावर आपण विधवा झालो आहोत हे त्यांना कळले. मुलांची नावे फ्रँक, अ‍ॅलिस आणि फ्रेडरिक. बापाचे नाव अ‍ॅमॉस. घोड्यांचे साज बनवणारा कारागीर, आणि त्याआधी देवमाशांच्या शिकारीवरच्या जहाजावर तीन वर्षे काढलेला. तो फोटो बायकोनेच त्याला छावणीत पाठवला होता, आणि दुसरे काहीही पाठवले असतेस तरी मला इतका आनंद झाला नसता, असे त्याने तिला मे महिन्यात लिहिले होते.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे पेनसिल्व्हेनियात गेले होते, तेव्हा आम्ही मोटारीने गेटिसबर्गला गेलो. सेनापतींचे अश्वारूढ पुतळे आणि तोफा पाहून झाल्यावर मी तिला आवर्जून स्ट्रॅटन स्ट्रीटवर न्यायला सांगितले. अग्निशमन दलाच्या इमारतीला लागून एक दगड आहे, त्यावर धातूची पाटी आहे आणि तिच्यावर ह्युमिस्टनचे नाव आहे. हे स्मारक १९९३ साली उभारले गेले. त्या रणभूमीवर शेकडो स्मारके आहेत, पण अधिकारी नसलेल्या एकट्या सैनिकाचे एवढे एकच. दुपारची वेळ होती, रस्त्यावर कोणी नव्हते, शेजारच्या इमारतीत कुणीतरी पाण्याचा पाइप सोडून गाडी धूत होते आणि ते पाणी फुटपाथच्या कडेने वाहत आमच्या पायांपर्यंत आले. मुलगी म्हणाली, ''आई, याच्यासाठी एवढ्या लांब आलो?'' तिला ती गोष्ट सांगताना माझा आवाज मधेच का अडकला, हे मला त्या वेळी नीट कळले नव्हते. आता वाटते, युद्धाच्या त्या सगळ्या हकिगतीत शिंपीकाम हा पुरावा ठरलेला एवढा एकच प्रसंग मला ठाऊक आहे, आणि मी शिवणाच्या घरात वाढलेली बाई आहे.

त्या काळचे फोटो कसे काढत हे समजून घेतल्यावर मी ते वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागले. काच घासूनपुसून लख्ख करायची, तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा आणि काच हातावर तोलत तो चारही कोपऱ्यांपर्यंत नेऊन उरलेला परत बाटलीत निथळू द्यायचा. धिरड्याचे पीठ तव्यावर फिरवताना मनगट जसे वळते, तशीच ती हालचाल असणार. मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, काही सेकंद उजेड द्यायचा आणि लगेच अंधाऱ्या गाडीत नेऊन धुवायची. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकायचे, कारण थर वाळला की काच वाया गेली. म्हणून छायाचित्रकार रणांगणावर घोड्याची बंद गाडी घेऊन हिंडत, त्यांची बोटे चांदीच्या क्षाराने काळी पडलेली असत, आणि म्हणूनच त्या चार वर्षांच्या फोटोंत धावणारा घोडा किंवा झाडली जाणारी बंदूक दिसत नाही. दिसतात ती थांबलेली माणसे, कंटाळलेली, बसलेली, वाट पाहणारी किंवा मेलेली. त्या काचेला निळा रंग फार लवकर जाणवे आणि तांबडा जवळजवळ जाणवतच नसे, त्यामुळे आकाश पांढरेफेक आणि निळे डोळे भुतासारखे फिके दिसतात. आपल्याकडच्या जुन्या फोटोंत आजीचे कुंकू काळे का दिसते, याचेही कारण तेच. ह्युमिस्टनजवळचा फोटो म्हणजे काचेवरची एकुलती एक प्रत होती. अशा काचेच्या मागे काहीतरी काळे धरले तरच चेहरा उमटतो. काळे काढून घेतले की चेहराही जातो.

आणि तो कलोडियन कशाचा, तर कापसाचा. कापसावर आम्लांची क्रिया करायची, मग तो ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवायचा. तोच द्रव डॉक्टर जखमेवर लावत, वाळला की कातडीसारखा बसे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. ज्या कापसाच्या शेतांवर माणसे गुलाम म्हणून राबवली गेली आणि त्या गुलामगिरीवरून हे युद्ध पेटले, तो कापूस छायाचित्रकाराच्या काचेवर होता, जखमेवर होता आणि त्या दोन मुलांच्या अंगावरही कदाचित होता. तोच कापूस आपल्यापर्यंतही पोहोचलेला आहे. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखून धरली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या उपाशी राहिल्या, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये लढाई संपताच सगळे पत्त्यांच्या घरासारखे कोसळले. हे आपण शाळेत शिकतो, पण त्या वेळी मुंबईच्या बाजारात हसणाऱ्या माणसाने पोर्टव्हिलच्या त्या बाईचा फोटो पाहिला नव्हता.

या युद्धाचे सर्वांत गाजलेले फोटो प्रेतांचे आहेत. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमच्या ओढ्याकाठी एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे २३,००० माणसे मेली, जखमी झाली किंवा नाहीशी झाली. दोन दिवसांनी अलेक्झांडर गार्डनर आणि जेम्स गिब्सन हे छायाचित्रकार तिथे पोहोचले आणि पुरायच्या राहिलेल्या प्रेतांचे फोटो त्यांनी काढले. ऑक्टोबरात मॅथ्यू ब्रॅडी यांच्या न्यूयॉर्कच्या गॅलरीत ते मांडले गेले आणि जिन्यावर गर्दी लोटली. २० ऑक्टोबरच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या लेखकाने लिहिले की ब्रॅडी यांनी प्रेते आणून आमच्या दारात ठेवली नसली, तरी जवळजवळ तसेच काहीतरी केले आहे. पुढे त्याने हेही लिहिले की भिंगातून पाहिले तर मेलेल्यांचे चेहरे ओळखू येतात, आणि इथे वाकून पाहणाऱ्या एखाद्या बाईने त्यांत आपला नवरा, मुलगा किंवा भाऊ ओळखला, तर त्या क्षणी आपण इथे नसलेले बरे. मी हे कितीदा वाचले असेल ते सांगता येणार नाही. एका ऑक्टोबरात एक लेखक, कोणी बाई ओळखेल म्हणून घाबरतो. पुढच्या ऑक्टोबरात, एका दिवसाच्या फरकाने, दुसऱ्या शहरातले वर्तमानपत्र कोणा बाईने ओळखावे म्हणून गावोगाव हाक घालते.

पण मला स्वतःला ती प्रेते पाहवत नाहीत, आणि अधिक खरे सांगायचे तर ती पाहून मला लढाई जवळ आल्यासारखी वाटतही नाही. जवळ येतो तो एक साधा फोटो. वॉशिंग्टनजवळ पेनसिल्व्हेनियाच्या एका पलटणीची छावणी आहे. तंबूपुढे एक बाई बाह्या वर सारून उभी आहे, नवरा गणवेशात बाजूला आहे, तीन मुले आहेत आणि त्यांतल्या एकाने कुत्र्याचे पिल्लू कवटाळलेले आहे. आसपास घरचे सामान पसरलेले आहे. त्या बाईच्या चेहऱ्यावर दुःख नाही, अभिमानही नाही. काम अर्धवट ठेवून उभे राहायला सांगितलेल्या बाईचा चेहरा जसा असतो तसा तो आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे फोटो इतक्या मोठ्या आकारात खुले केले आहेत की संगणकावर वाढवत नेले तर काचेवरचा थर कोपऱ्यात कुठे सुटला तेही दिसते. मी एका रात्री तो वाढवत तिच्या हातांपर्यंत गेले. धुणे धुणाऱ्या बाईची बोटे कुठल्याही देशात ओळखू येतात. लढाईच्या काळातही कुणीतरी कुणाचे तरी अंगावरचे कपडे धूत होते, वाळत घालत होते, आणि त्यातला एखादा धुतलेला सदरा पुढे रक्ताने भिजणार होता, हे मला तिच्यामुळे कळले. प्रेतांच्या फोटोंनी ते कळले नसते.

फोटोंच्या खालच्या मजकुरापाशी मात्र माझी नजर पुन्हा पुन्हा अडखळते. मे १८६२ मध्ये गिब्सन यांनी व्हर्जिनियातल्या कंबरलंड लँडिंगला एका घरापुढे बसलेल्या लहानथोर काळ्या माणसांचा फोटो घेतला. गुलामीतून सुटून उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला आलेली ही माणसे होती. फोटोच्या नावात घराच्या मालकाचे आडनाव आहे, आणि माणसांसाठी एकच शब्द आहे, काँट्राबँड, म्हणजे जप्त केलेला शत्रूचा माल. कायद्याच्या पळवाटेने त्यांना परत धन्याकडे पाठवायचे टळले म्हणून त्या शब्दाचे त्या वेळी उपकारच झाले, हे मला मान्य आहे. तरीही घराला नाव आणि माणसाला नाही, हे पाहून जीव कळवळतो. व्हर्जिनियातल्याच कोल्ड हार्बर या रणभूमीचा एप्रिल १८६५ चा फोटो तसाच. लढाईला दहा महिने उलटून गेले आहेत, पाच काळी माणसे उरलेली हाडे गोळा करून पुरण्याचे काम करीत आहेत, आणि त्यांतला एक जण कवट्यांनी भरलेल्या डोलीशेजारी बसून सरळ कॅमेऱ्याकडे पाहतो आहे. त्याचेही नाव नोंदलेले नाही.

सोजर्नर ट्रूथ यांनी याच काळात काय केले, ते म्हणूनच मला फार मोठे वाटते. गुलामीत जन्मलेल्या, लिहितावाचता न येणाऱ्या या बाईंनी १८६४ मध्ये स्वतःचे फोटो काढवून घेतले, त्यांचा स्वामित्वहक्क स्वतःच्या नावावर नोंदवला आणि ते विकून आपला खर्च चालवला. कधी विणकाम हातात आहे, डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर शाल, आणि खाली छापलेले वाक्य, की देह टिकवण्यासाठी मी सावली विकते. मराठीत आपण फोटोला छायाचित्र म्हणतो, म्हणजे ती सावली आपल्या शब्दातच बसलेली आहे. ज्या बाईचा देहच एके काळी विकला गेला होता, तिने सावलीची किंमत आणि नाव दोन्ही आपल्या हातात ठेवले. इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी त्याच पानावर व्यक्त केली आहे. ते पान मी कॉलेजात वाचले होते, पण कंबरलंड लँडिंगचा फोटो पाहिल्यावर पुन्हा काढून वाचले. माणसाला माल म्हणणारा शब्द कुठल्या भाषेत किती काळ टिकतो, हे फुल्यांना कोणी फोटो दाखवून समजावण्याची गरज नव्हती.

सामान्य सैनिकांनी पत्र्यावर नाहीतर काचेवर काढून घेतलेले तळहाताएवढे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ढिगाने आहेत. त्यांत बाजू उलटलेली असते, म्हणून पट्ट्याच्या बकलावरची अक्षरेही उलटी दिसतात. बुटांच्या मागे कधी डोके स्थिर धरणाऱ्या लोखंडी स्टँडचे पाय दिसतात, गालांवर कुणीतरी गुलाबी रंगाचा हात फिरवलेला असतो, आणि नावाच्या जागी बहुतेकांच्या खाली लिहिलेले असते, ओळख पटलेली नाही. त्या संग्रहातल्या एका मुलीपाशी मी नेहमी थांबते. ती काळ्या सुतकी वेषात आहे आणि तिच्या हातात घोडदळातल्या बापाचा चौकटीत बसवलेला फोटो आहे. बाप तलवार घेऊन बसलेला आहे. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला चंदनाचा हार घालतात आणि तो भिंतीवर चढतो. या मुलीने तो भिंतीवर चढू दिलेला नाही. आई तिला फोटो काढायला घेऊन गेली असेल, आणि फोटो नीट दिसावा म्हणून हात थोडे वर धर, हलू नकोस, असे कुणीतरी सांगितले असेल. ती हललेली नाही. बापाचा चेहरा आजही स्पष्ट आहे, तिचाही. दोघांचीही नावे कुणाला ठाऊक नाहीत.

गावाहून परतल्यावर मी इंदूरच्या आत्याला फोन केला. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि आता तिला दिसत नाही. फोटो पाठवून उपयोग नव्हता, म्हणून मी तो हातात धरून बोलायला लागले. तीन मुले आहेत, दोन मुलगे आणि एक मुलगी. मागे पडदा, त्यावर जिना आणि झाड. धाकटा स्टुलावर बसलेला. थोरल्याचा सदरा आणि मुलीचा फ्रॉक एकाच चौकडीच्या कापडाचा. बोलता बोलता माझ्या लक्षात आले की हे मी आत्तापर्यंत धड पाहिलेच नव्हते. धाकट्याची एक मूठ मिटलेली आहे आणि मुलीने त्याचा दंड मागून धरून ठेवला आहे. ते आत्याला सांगितले. ती काही बोलली नाही. तिच्या घरातला पंखा फिरत असल्याचा आवाज फोनमधून ऐकू येत होता. मग तिने विचारले, ''चौकडी बारीक की मोठी?''

''मोठी.''

''फ्रॉकची कॉलर कशी आहे? गोल की टोकेरी?''

''गोल आहे.''

''खिसा आहे का सदऱ्याला? असला तर नीट बघ बरं. खिशावरची चौकडी मागच्या कापडाच्या चौकडीशी जुळवलेली आहे का? कापड कमी पडलं होतं गं, त्या दिवाळीला. मी खिसा जुळवायला बसले तर अण्णा म्हणाले, राहू दे, पोरांना काय कळतंय. पण मी जुळवला होता.''

मी फोन तसाच धरून उठले, खिडकीशी जाऊन पडदा बाजूला केला आणि फोटो उजेडात तिरका धरला.